स्टाफचं ताट

१० फेब्रुवारी

डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय, दिवसभरात पोटात काय गेलं ते रोज लिहायचं. "एक दाणासुद्धा सोडायचा नाही." मला हसू आलं. दाणा सोडायची सवय असती तर त्यांच्याकडे जायची वेळच आली नसती.

रक्त सात पॉइंट दोन आहे. गेल्या आठवड्यात गाडीनं अहमदपूर सोडलं आणि डोळ्यांपुढे अंधारी आली. तिकिटाचं मशीन छातीशी धरून मी सीटांच्या मधल्या वाटेतच खाली बसले. मागून एक जण म्हणाला, "मॅडम, पैशे पडले का काय?" मी म्हणाले, "सापडले." आणि उठले.

बाईंनी विचारलं, दुपारी जेवता कुठे? सांगितलं. आमची किनवट गाडी सकाळी औशाहून निघते आणि लातूर, नांदेड, भोकर, इस्लापूर करत दिवस मावळायच्या आत किनवटला पोचते. तिथं मुक्काम, दुसऱ्या दिवशी परत. दुपारचा थांबा लोह्याच्या अलीकडे सुदर्शनशेठच्या धाब्यावर. ड्रायव्हर-कंडक्टरला तिथं पडद्याआड वेगळी खोली आहे, तिला स्टाफरूम म्हणतात. ताट फुकट. पनीर, बोटभर तेल तरंगणारी भाजी, लोणी लावलेल्या रोट्या, शेवटी गुलाबजाम. शेठ वाढताना हात आखडत नाही.

"मग थोडंच खायचं."

"ताटात पडलेलं टाकता येत नाही, बाई."

त्यांनी चष्मा काढला. "कोण म्हणालं?"

कोण म्हणणार? आम्ही लिंगायत. आमच्यात ताटात आलं ते प्रसाद. शीत टाकायचं नाही, आणि शेवटी ताटात पाणी घालून, बोटानं फिरवून, ते पिऊन टाकायचं. धाब्यावर पहिल्या दिवशी मी तेही केलं होतं. पडद्याआडचे सगळे ड्रायव्हर हसले. एक जण म्हणाला, "शेठ, ताट धुवायला बाई ठेवली का?" त्या दिवसापासून पाणी प्यायचं सोडलं. ताट संपवायचं मात्र सुटलं नाही. शेठ वाढत गेला, मी संपवत गेले. वर लगेच चहा. आणि गाडीत पाणी प्यायचं नाही, कारण बायकांनी उतरायचं कुठे?

बाई म्हणाल्या, "देवानं तुम्हाला पनीर संपवायला सांगितलं नव्हतं, महानंदाताई."

आज खाल्लं: दोन भाकरी, मेथी, वरण, एक पेरू. जेवणानंतर चहा नाही; बाई म्हणतात, त्यानं अन्नातलं लोह अंगी लागत नाही. डोकं ठणकतंय.

१२ फेब्रुवारी

पहाटे अत्तींनी (सासूबाईंना आम्ही अत्ती म्हणतो) कडक भाकऱ्या कापडात बांधून दिल्या. ज्वारीची पापडासारखी पातळ भाकरी, चुलीच्या कडेला उभी करून खडखडीत वाळवलेली. पंधरा दिवस काही होत नाही तिला. सोबत कारळाची चटणी, मोड आलेली मटकी, घट्ट दही. अत्ती म्हणाल्या, "आमचे लोक बैलगाडीनं जत्रंला जायचे ह्याच्यावर. तुझी तर इंजिनाची गाडी हाय."

दुसरा डबा दामिनीचा. माझी लेक इस्लापूरच्या एका निवासी शाळेच्या वसतिगृहावर कामाला लागली आहे, जूनपासून. गाडी तिथं पोचते तेव्हा ती फाट्यावर पाटीखाली उभी असते. पाच मिनिटं भेट. शेषेरावमामा, आमचे ड्रायव्हर, मुद्दाम खाली उतरून टायरला लाथा मारत बसतात, म्हणजे पाचाची सात होतात. ही सात मिनिटं आहेत म्हणून मी ही लांबची ड्यूटी धरून ठेवली आहे. नाहीतर वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी एवढे धक्के कोण खाईल.

स्टाफरूममध्ये डबा उघडला. सुदर्शनशेठ पातेलं घेऊन आलाच.

"ताई, हे काय काढलं?"

"घरचं आहे. आता डबाच खाणार आहे मी."

"का? आमच्या अन्नात वीख हाय का?"

"तसं नाही, शेठ. डॉक्टरांनी सांगितलंय."

"डाक्टर काय, मोकळ्या हातानं पाठवत न्हाईत कुणाला." मग मामांकडे वळून, "सांगा की मामा तुमच्या मॅडमला. सहा वर्षं वाढलं, आज आमच्या ताटाची शिसारी आली व्हय."

 मामा माझ्या डब्याकडे बघत राहिले. मटकीकडे, भाकरीकडे. त्यांचा चेहरा असा झाला की जणू मी त्यांच्यावरच काहीतरी उगारलं आहे. मग खाली मान घालून त्यांनी गुलाबजाम तोंडात टाकला.

१४ फेब्रुवारी

शेठनं आज पडद्यापाशीच अडवलं. "घरचा डबा घरी. इथं स्टाफचं ताट हाय."

मी बाहेर आले. रस्त्याच्या कडेला चिंचेचं मोठं झाड आहे, त्याखाली बसले. अख्खी गाडी खिडकीतून बघत होती.  भाकरी मोडताना एवढा आवाज होतो हे मला घरी कधी कळलं नव्हतं.

एक एक घास मोजून नव्हे, पोटभर खाल्लं. दह्यात भिजवलेली भाकरी, चटणी. हिमायतनगरपर्यंत झोप नाही, जळजळ नाही. दामिनी म्हणाली, "आई, आज तुझा आवाज मोठा येतोय."

१८ फेब्रुवारी

सौदा मला पहिल्यापासून माहीत होता. नीट बघितला मात्र आज. ड्रायव्हरला जिथं ताट मिळतं तिथं गाडी थांबते. आमच्या दोन ताटांवर शेठ चाळीस माणसं जेवू घालतो आणि मागेल तो भाव घेतो. कालच्या भाताला फोडणी देतो, तेल काळं झालं तरी बदलत नाही. कुणी बोललं तर म्हणतो, "ड्रायव्हर-कंडक्टर बी तेच खातेत की." म्हणजे मी तिथं जेवत नव्हते. मी तिथं साक्ष देत होते.

हे कळल्यावर पडद्याआड परत जाणं शक्य नाही. रक्त बारा झालं तरी नाही.

२० फेब्रुवारी

मामा बदललेत. आज माझा पाण्याचा अख्खा कॅन नांदेड यायच्या आत एकट्यानं संपवला. विचारलंसुद्धा नाही. वाटेत तीनदा गाडी थांबवली. "इंजिन तापलंय." आणि स्वतः झुडपांमागं. फेब्रुवारीत इंजिन तापतं? मी लेट व्हावं, माझ्या नावावर शेरा पडावा, दुसरं काय. शेठचं मीठ बोलतंय.

पायात बूटही नाहीत, चपला. अंगठ्याला चिंधी. "नवा बूट चावला," म्हणाले. ड्यूटीवर चपला! मी तक्रार करायची म्हटली तर करू शकते. करणार नाही. मी शेठ नाही.

२६ फेब्रुवारी, महाशिवरात्र

उपास धरला नाही. जन्मात पहिल्यांदा. इष्टलिंगाची पूजा केली आणि भाकरी खाल्ली. वाटलं होतं अत्ती दोन दिवस बोलणार नाहीत. त्यांनीच ताट वाढलं. "जीव राखणं बी पूजाच हाय. शंकराला रक्त कमी पडलेली सून घेऊन काय करायचं?"

सोमेश (माझे मिस्टर) दुकानातून आले, ताटाकडे बघितलं, अत्तींकडे बघितलं आणि गुपचूप स्वतःची साबुदाण्याची उसळ घेऊन ओट्यावर जाऊन बसले. बिचारे.

४ मार्च

आज चिंचेखाली मी एकटी नव्हते. केवळाबाई म्हणून म्हातारी आहे, लेकीकडे हिमायतनगरला येऊन-जाऊन असते. शेजारी येऊन बसली, पिशवीतून फडकं काढलं. धपाटे.

"मी तर कवापासून शीटवर पदराआड खाऊन राहिले, बाई. धाब्यात बसायची ऐपत न्हाई अन् डबा काढायची लाज. लोक म्हणतेल, भिकारडी हाय."

"मग आज?"

"आज कंडक्टरीणच बसली मातीत. मला कोण काय म्हणतंय!"

तिच्या मागून भोकरचे दोन शिक्षक आले, लेकराला घेऊन एक बाई आली. कारळाची चटणी संपली. शिक्षकांपैकी एक जण बारक्या आवाजात म्हणाला, "मॅडम, त्या धाब्याच्या भाजीनं दर खेपेला माझं पोट बिघडतं. पण सगळे जातात म्हणून आपणही." सगळे जातात म्हणून सगळे जातात. मला लई हसू आलं.

मामा आज स्टाफरूममध्ये गेलेच नाहीत. केबिनमध्ये स्टेअरिंगवर डोकं ठेवून पडले होते. रागाचंही काही प्रमाण असतं.

८ मार्च

मीच नमतं घेतलं. गाडीत दोन माणसं तोंडं फिरवून बसली की रस्ता लांब होतो. रक्तासाठी मी तीळ, शेंगदाणे आणि गुळाचे लाडू करते, त्यातले दोन मामांच्या हातावर ठेवले. ते बराच वेळ लाडवांकडे बघत राहिले. मी म्हणाले, "घ्या की. शेठच्या गुलाबजामाएवढे गोड नसतील."

"न्हाई न्हाई," म्हणाले, आणि खाल्ले. "तुमच्या हाताला जवाब न्हाई, ताई."

आता रोज दोन द्यायचे. गोडानं माणूस वळतं.

११ मार्च

शेठनं बायकांच्या बाथरूमला कुलूप लावलं. "जेवणाऱ्या गिऱ्हाइकासाठी हाय ते." हे मात्र वर्मावर मारलं. त्या धाब्याची खरी ताकद पनीर नव्हती, ते बाथरूम होतं.

मी सगळ्या बायकांना घेऊन पुढच्या पेट्रोल पंपावर चालत गेले. दहा-बारा जणी, उन्हात, पदर डोक्यावर. पंपावरचा माणूस घाबरला. "मोर्चा हाय का काय?"

केवळाबाई म्हणाली, "हाव. लघवीचा."

त्यानं किल्ली दिली. पाणीही चांगलं आहे तिथलं. आज पहिल्यांदा मी गाडीत पोटभर पाणी प्यायले, न भिता.

मामांना रोजचे लाडू दिले. आज चार दिले, उत्साहात.

१५ मार्च

नांदेडच्या पुढे मामांनी विचारलं, "ताई, ती म्होरची पाटी काय म्हणती?" भलीमोठी हिरवी पाटी. मी म्हणाले, "भोकर म्हणते, मामा. पंचवीस वर्षं तीच म्हणते." ते हसले. "तुमचं शिक्षण वाया जाऊ नये म्हणून विचारून राहिलो." थट्टा करायला लागलेत म्हणजे राग गेला. लाडवांचा गुण.

१९ मार्च

डेपोत बोलावणं आलं. शेठचा तक्रारअर्ज. मी प्रवाशांना 'भडकवते', थांब्यावर गोंधळ घालते.

रामलिंगसाहेब माणूस वाईट नाही. खुर्ची दिली. "महानंदाताई, मीबी आपल्यातलाच. घरी डबाच खातो. पण तुम्ही काय खावं ते तुमचं तुम्ही बघा, बोभाटा कशाला? पडद्याआड बसा, ताटातलं दोन घास चिवडा, मग गाडीत डबा खा. कुणाला कळतंय?"

"चिवडून टाकू?"

"म्हणजे... थोडं."

"साहेब, तुमच्या घरी ताट चिवडून टाकतात?"

ते पेन शोधायला लागले. मग म्हणाले, ही लाइन कटकटीची झाली तर पुढच्या महिन्यात मला खेड्यातल्या फेऱ्यांवर टाकावं लागेल. घराजवळ आहे, सोयीचंच होईल.

सोयीचं. म्हणजे इस्लापूरची पाटी नाही. सात मिनिटं नाहीत.

घरी येऊन रडले. डबा घासताना रडायला बरं असतं, पाण्याच्या आवाजात कळत नाही. सोमेश म्हणाले, "एवढंच ना, आत बसून खा की महिनाभर." अत्ती आतून म्हणाल्या, "तू खा."

ठरवलं: बसणार नाही.

२४ मार्च

 किनवटच्या विश्रांतिगृहात बसून लिहिते आहे. बाहेर अंधार पडलाय.

इस्लापूरचा फाटा आला. पाटीखाली दामिनी उभी, पिवळी ओढणी, हात वर केलेला. मी डबा घेऊन दारात. आणि गाडी थांबलीच नाही. तिच्यासमोरून निघून गेली. बेल मारली, परत मारली, मग ओरडले. चढावर जाऊन गाडी थांबली.

"मामा! लेक उभी होती माझी!"

"कुठं? कुणी न्हवतं की तिथं."

तिथं माझा तोल गेला. चाळीस माणसांसमोर मी म्हणाले, "सरळ सांगा ना, शेठनं सांगितलंय. ताट खाऊन खाऊन डोळेसुद्धा विकलेत तुम्ही."

मामा खाली उतरले. उन्हात उभे राहिले. दामिनी धापा टाकत पळत आली. मला वाटलं ती माझ्याकडे येईल. ती त्यांच्या पायाशी वाकली.

"मामा, हे काय झालंय अंगठ्याला?"

"बूट चावला, बाई."

"कधी?"

"झाला महिना."

"महिनाभर चावतो व्हय बूट?" तिनं चिंधी सोडली आणि तोंड फिरवलं. वसतिगृहावर तिला रोज पोरींची दुखणी निस्तरावी लागतात. "मामा, तहान लई लागते का? सारखं उतरावं लागतं का? लांबचं दिसतं का नीट?"

एकेक प्रश्न ती त्यांना विचारत होती आणि उत्तर माझ्याकडे होतं. कॅन. झुडपं. पाटी. स्टेअरिंगवर ठेवलेलं डोकं. महिनाभर सगळं मी याच वहीत लिहिलंय, माझ्याच हातानं, आणि माझ्यावरचा डाव म्हणून लिहिलंय.

आणि लाडू. रोजचे दोन. एकदा चार.

संध्याकाळी मामा पायरीवर बसले होते. शेजारी जाऊन बसले. विचारलं, साखर आहे हे कधीपासून माहीत आहे?

"दिवाळीपासून. गोळ्या हायेत, धाब्यावर शेठच्या काउंटरखाली ठिवल्यात. घरी सांगितलं न्हाई. डेपोत कळलं तर स्टेअरिंग गेलं. रिटायरला तीन वर्षं राह्यली, ताई."

"आणि लाडू का खाल्ले?"

"न्हाई म्हणलं असतं तर तुम्ही का म्हणून इचारलं असतं."

मग म्हणाले, "तुम्ही पैल्या दिवशी डबा काढला न्हवं, मटकी-बिटकी, तवा मला वाटलं, हिला कळलं. मला दाखवायला करून राहिली."

एवढे दिवस एकाच गाडीत बसून आम्ही दोघं एकमेकांना काय काय समजत होतो.

२५ मार्च

मामा सकाळी केबिनमध्ये चढले. गाडी भरली. मी दारात उभी राहिले आणि बेल दिली नाही.

कंडक्टरच्या डबल बेलशिवाय गाडी हलत नाही. एवढी एकच सत्ता आहे माझ्या हातात आणि एवढ्या वर्षांत ती मी कधी वापरली नव्हती.

"ताई, द्या बेल."

"नाही."

"हळू नेतो. रोजचा रस्ता हाय."

"काल माझी लेक दिसली नाही तुम्हाला. आज कुणाची दिसणार नाही?"

प्रवासी ओरडायला लागले. कुणी म्हणालं, "दोघांचं भांडण हाय, घरचं काढा की घरी." कुणी व्हिडिओ काढत होतं. स्टँडवरचे वाहतूक नियंत्रक त्यांच्या खिडकीतून विचारत होते, काय झालं? मी सांगितलं नाही. ते माझं सांगायचं नव्हतं. मी फक्त दोरीला हात लावला नाही. दोरी हातभर अंतरावर लोंबत होती.

बऱ्याच वेळानं केबिनचं दार उघडलं. मामा उतरले. लंगडत नियंत्रकांच्या खिडकीपाशी गेले. काय बोलले ते ऐकू आलं नाही. टोपी काढून काउंटरवर ठेवली तेवढं दिसलं.

दुसरा ड्रायव्हर मिळायला वेळ लागला. परतीला मामा माझ्या सीटवर, खिडकीशी बसले.  धाबा आला तेव्हा म्हणाले, "काउंटरखालच्या गोळ्या आणायच्या राहतेत."

मी गेले आणि मागून आणल्या. शेठनं काढून दिल्या.

२ एप्रिल

निकाल लागला. गाडी खोळंबली, त्यात आधीची तक्रार. किनवट लाइन काढून घेतली. आजपासून खेड्यातल्या फेऱ्या. रामलिंगसाहेब म्हणाले, "बेल न दिल्याचं कारण लेखी द्या, मी वर बोलतो." मामांचं दुखणं मला कागदावर आणायचं नव्हतं. मी एवढंच लिहून दिलं की बेल द्यायची नव्हती म्हणून दिली नाही. डबा खाते, पुढंही खाणार. त्यांनी ते वाचलं, घडी घातली. "ताई, तुम्ही ऐकणाऱ्यातल्या न्हाईत."

"ऐकत होते की सहा वर्षं."

मामा रजेवर आहेत. इन्सुलिन सुरू झालं. अंगठा वाचेल म्हणतात. डोळ्यांचं नांदेडला दाखवायचं आहे. परत स्टेअरिंग मिळेल का, कुणी सांगत नाही. त्यांच्या मंडळींचा, उज्वलाबाईंचा, फोन आला होता. मला वाटलं शिव्या देतील. म्हणाल्या, "ती कडक भाकरी किती वेळ शेकायची हो?"

रक्त नऊ पॉइंट चार.

दामिनीला फोनवर सांगितलं.  ती म्हणाली, "मी पाटीखाली जाते अजून त्या वेळेला. सवय लागली."

१३ एप्रिल

आज सुट्टी. सकाळी घरची साडी नेसून, तिकीट काढून किनवट गाडीत बसले. दोन डबे. मामाही होते, नांदेडच्या डोळ्यांच्या दवाखान्याला निघालेले, पायात नवा मऊ बूट, मांडीवर स्टीलचा डबा. तो डबा त्यांनी असा धरला होता की आत काहीतरी जिवंत आहे.

नव्या ड्रायव्हरचं नाव दयानंद. गाडी धाब्यावर थांबली आणि तो सरळ पडद्याआड गेला. बरोबरचा कंडक्टरही. माझ्याकडे न बघता.

चिंचेखाली शेठनं आता खुर्च्या मांडल्यात. खोडाला पाटी ठोकली आहे: 'बाहेरचे अन्न खाण्यास मनाई.' चिंच निजामाच्या काळातली, रस्त्याची. मी खुर्च्या सरकवल्या, पाटीच्या बरोबर खाली फडकं अंथरलं आणि बसले. मामा वाकत वाकत शेजारी बसले. गाडीतून तीन-चार बायका उतरल्या, दारात थबकल्या. केवळाबाई आज नव्हती, पण कुणीतरी तिच्यासारखंच म्हणालं, "सरका की जरा."

शेठ काउंटर सोडून आला.

"ताई, आता तर तुम्ही स्टाफ न्हाईत. ह्या गाडीशी तुमचा संबंध काय?"

"मी पॅसेंजर आहे. तिकीट दाखवू?"

"पाटी वाचता येती न्हवं?"

मामा म्हणाले, "मला न्हाई येत, शेठ. डोळे गेलेत. तुमच्याच गुलाबजामानं."

बायका हसल्या. शेठचं तोंड उतरलं. तो ओरडला असता तर बरं झालं असतं; तो म्हणाला, "मामा, मी तुम्हाला कधी उपाशी ठिवलं का?" आणि हे खरं होतं. त्यानं कुणालाच उपाशी ठेवलं नव्हतं. मी कडक भाकरीचा तुकडा मोडून त्याच्यापुढे धरला. त्यानं घेतला नाही. मागे काउंटरपाशी जाऊन उभा राहिला, हात मागे बांधून, बघत.

आम्ही सावकाश जेवलो. मामांच्या डब्यात मेथी आणि जाड, वेडीवाकडी भाकरी होती. उज्वलाबाईंना पातळ जमली नव्हती. "पुढच्या बारीला जमंल," मामा म्हणाले.

जेवण झालं. डब्याच्या कडेला चटणीचे चार कण, दह्याचा पांढरा ओघळ राहिला होता. पडद्याआडून दयानंद आणि कंडक्टर तोंड पुसत बाहेर आले आणि थांबले. सगळे बघत होते. सहा वर्षांपूर्वी असेच बघत होते.

मी डब्यात पाणी घातलं. बोटानं सगळीकडे फिरवलं. आणि काउंटरकडे बघत, एका दमात, पिऊन टाकलं.

मग उठले. दुसरा डबा पिशवीत होता, आणि इस्लापूरच्या पाटीखाली कुणीतरी उभं होतं.